गुरुबसप्पाच्या गाळातला डायनासोर

६ ऑक्टोबर १९७४
सासुरवाडी. मेहुण्याच्या, गुरुबसप्पाच्या, रानाच्या टोकाला ओढा तळ्याला मिळतो. तिथल्या गाळात तीन बोटांचे ठसे! लायब्ररीतल्या इंग्रजी पुस्तकात डायनासोरचे अस्सेच आहेत, आणि तेही नदीच्या डेल्टात. गाळ अजून ओला आहे. डेल्टा म्हटल्यावर ओल असणारच. मी नोकरी करतो त्या कापडदुकानातली टेप खिशात होती. साडेतीन इंच. पुस्तकात ठसा दीड फूट दिलाय. म्हणजे पिल्लू.

गुरुबसप्पा उद्या तिथं ज्वारी पेरणार होता. थांबवला. आधी विज्ञान.

९ ऑक्टोबर
परत शहरात, नवी पेठेत. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून पुण्याच्या प्राणिशास्त्राच्या प्रोफेसरांना पत्र लिहिलं. सोबत ठशाचं चित्र. रजा मागितली तर मालक म्हणाले, दिवाळीच्या तोंडावर? माणसाला दृष्टी नाही. बायकोला, हेमावतीला, तर त्याहून नाही. म्हणते, माझ्या भावाचं रान सोडा.

१३ ऑक्टोबर, सकाळी
पुन्हा सासुरवाडी. ठसे वाढलेत! वाऱ्यानं वरची माती उडून खालचे उघडे पडत असणार.

एकच उपद्रव. एक माळढोक, भला थोरला पक्षी, नेमका ठशांवरून रुबाबात हिंडतो. पुरावा नासवतो. फटाक्यांची माळ लावली. पार दिसेनासा झाला.

गुरुबसप्पा म्हणाला, वाफसा चाललाय की दाजी, ओल गेली तर बी उगवायचं न्हाय. म्हटलं, डायनासोर कोट्यवधी वर्षं थांबलाय, तू आठवडा थांब. थांबला. बहिणीपेक्षा समजूतदार.

१७ ऑक्टोबर
प्रोफेसरांचं कार्ड! येतायत. हेमावतीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं विचारलं, पेरणी कधी? मी कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं.

२० ऑक्टोबर
प्रोफेसर आले. ठशांपाशी गुडघ्यांवर बसले, डोळ्यांत पाणी. मलाही भरून आलं. मग म्हणाले, चित्र बघूनच ओळखलं होतं, माळढोक! आयुष्यभर जवळून बघायचा राहिलाय. कुठं दिसतो?

फटाक्यांचं बोललो नाही. संध्याकाळपर्यंत दोघंही आभाळाकडे बघत बसलो.

२१ ऑक्टोबर
गुरुबसप्पानं पेरणीची तिफण धरली. भुई दगड झालेली, फण आत जाईना. बैल सोडले. यंदा ज्वारी नाही. हेमावती माझ्याकडे बघत नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. फार वाईट वाटलं.

माळढोकाचे ठसे भेगांत गेलेत. माझ्या चपलांचे तेवढे, पार बांधापर्यंत, पक्के बसलेत. गुरुबसप्पा ते बघून म्हणाला, हे लई वर्षं टिकतील की, दाजी.