ओसरीचं निळं छत

१२ मार्च

आलो एकदाचे. ग्रेसन कुटुंबाचं घर खाजणाच्या काठावर आहे. सगळं सायप्रस लाकडाच्या फळ्यांचं, चारी बाजूंनी रुंद ओसरी. वाळवी नाही, मी स्वतः टोच्याने टोचून पाहिलं. मालकीणबाई व्हीनी ग्रेसन यांनी भेंडी-कोळंबीचा रस्सा आणि मक्याची भाकरी वाढली. माझी बायको नेटी दुखरी कंबर सावरत, काठी टेकत वर आली, पण खूश दिसली. तीन वर्षं ती काठी तिच्या हातातून सुटलेली नाही, झोपताना उशाशी असते.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी या आवारात गावजेवण असतं, सगळं बेट येतं. त्याआधी घर रंगवून द्यायचं. मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. पण जुना रंग माझ्याइतका ओळखणारा दुसरा कुणी दाखवावा. व्हीनीबाईंनी बजावलं की भिंतींचं काय हवं ते करा, ओसरीच्या निळ्या छतावर मात्र फक्त एक हात द्या, ते खरवडू नका.

१८ मार्च

निळ्याखाली पांढरा निघाला. म्हणजे निळा मागाहून आलेला, घराचा अस्सल रंग पांढराच. मालकांना रंगातलं कळत नाही. बाई बहिणीकडे गेल्यात. त्या यायच्या आत छत रंग काढायच्या पत्रीने खरवडून पांढरं करून टाकलं. काम देखणं झालं आहे.

२१ मार्च

नेटी काठीशिवाय चालते! दुपारी ओसरीवरून आत आली ती ताठ. खाजणाची हवा मानवली म्हणायची. केसांना चिखलाचा खारट वास येतो. काठी कुठे ठेवलीस विचारलं, तर नुसती हसली.

२४ मार्च

व्हीनीबाई परतल्या. छत बघितलं आणि फाटकातून आत पाऊलच टाकलं नाही. म्हणाल्या, "आमची पणजी काय शोभेसाठी चढली होती शिडीवर? खाजणातलं जे येतं, त्याला निळ्याखालून जाता येत नाही." मी म्हटलं, या गोष्टी पोरांना सांगा. त्या म्हणाल्या, "बरं बाबा, शहाण्या. बायकोची काठी तेवढी आणून दाखव."

घर पालथं घातलं. सापडली नाही.

२७ मार्च

नेटी जेवत नाही. मला एल्बी म्हणायची, आता एल्बर्ट म्हणते. बसते तिथे ओल उमटते.

बाईंना न विचारताच नीळ, चुना, ताक कालवलं. छटा तंतोतंत जुळली.

३० मार्च

छताच्या चारी बाजू निळ्या झाल्या. नेटीला बघायला बोलावलं. उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. पाय उचलेना.

बाई फाटकातून ओरडल्या, आधी आतलं बाहेर काढायचं, मग रंगवायचं, एवढंही कळलं नाही का?

ते आत आहे. मीच कोंडलं. मग माझी नेटी कुठे—

२ एप्रिल

माळा पाहिला, कपाटं पाहिली. जमिनीच्या फळ्यांखाली हाका मारल्या. नेटी नाही. नेटीच्या रूपातली ती मात्र दारात उभी असते. मी ओसरीवरच राहतो.

शनिवार

फाटकापलीकडे चुली पेटल्यात, माणसं जमतायत. बाई कुणालाही ओसरीकडे येऊ देत नाहीत. दारातली ती रडतेय. म्हणते, छताची एकच फळी खरवड, मी बाहेर पडले की तुझी तुला मिळेल. मला एल्बी म्हणाली— एल्बी—

खरवडली. दारापासून पायरीपर्यंत, एकच फळी.

आली. जाताना माझ्या गालाला हात लावला. गार. पायऱ्या उतरून जेवणाकडे गेली. लोक हसून जागा करून देतायत. बाई पाठमोऱ्या, चुलीपाशी—

आत टकटक. जिन्यावर काठी— नेटी! माझीच, धाप लागलेली—

ओरडायला तोंड उघडतो, आवाज फुटत नाही. गालाला लागला हात तेव्हापासून—

ती पोरांना भाकरी वाढतेय. बाईंच्या खांद्यावर हात ठेवायला—

नेटी दारात येऊन विचारते, एल्बी, ती बाई कोण रे, माझा झगा घालून? काय सांगू. मीच तिला—