कठड्याबद्दल लवूमामांना

भांडुप (पश्चिम),
रविवार, सकाळ

तीर्थरूप लवूमामा,

बोरिवलीच्या दिशेला तोंड करून गुणाजीचा वाकून नमस्कार. मामींना वेगळा. तुमच्या कानाचं नवं यंत्र शिट्टी मारतं आणि तुम्ही ते काढून ठेवूनच टीव्ही बघता, असं कळलं. फार चांगलं करता, निदान या आठवड्यात तरी. गुडघ्यांना तेल लावत असालच. मी फोनच केला असता, पण तुम्हांला सगळं ओरडून सांगावं लागतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. (दारात दोन पोलीस असतात. माझ्या रक्षणासाठी आहेत म्हणतात, पण ऐकतात सगळं.)

मामा, मी घाबरलोय. शाळेत धडा वाचायला उभं केलं की माझे पाय कसे लटपटायचे ते तुम्ही पाहिलंय. तेच पाय घेऊन मी गेले चार महिने राज्यमंत्री आहे. बुधवारी विधानसभेत प्रश्नोत्तराच्या तासाला आमच्या खात्याचा प्रश्न लागला होता. उत्तर द्यायचं मोठ्या मंत्रिसाहेबांनी, पण त्यांचा घसा ऐनवेळी बसला. (प्रश्न अवघड असला की बसतो, असं खात्यातले शिपाईसुद्धा म्हणतात.) म्हणून उभा राहिलो मी. टेकड्यांवरच्या वस्त्यांना पायऱ्या आणि त्या पायऱ्यांना लोखंडी कठडे, ही आमची योजना. तीन वर्षांच्या अहवालात चारशे बारा ठिकाणी काम पूर्ण. आमचे अधिकारी चंद्रप्रकाश, इस्त्रीच्या घडीसारखा माणूस, सकाळी मला समजावत होते, "साहेब, तुम्ही फक्त वाचायचं. 'हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे' आणि 'प्रश्न उद्भवत नाही'. या तीन वाक्यांवर लोकांनी पाच-पाच वर्षं काढली आहेत."

प्रश्न विचारणाऱ्या होत्या घाटकोपरच्या मीरा गमरे. विरोधी पक्षाच्या, पेशाने वकील, आवाज एकदम शांत. ओरडणाऱ्यांची मला भीती वाटत नाही, ते उत्तर ऐकतच नाहीत. या बाई ऐकतात. त्यांनी विचारलं, अहवालातला आकडा बरोबर आहे का? मी वाचलं, हे खरे आहे. मग विचारलं, पाहणी कोणी केली? मी घाईत भलत्याच प्रश्नाचं पान उघडलं आणि 'शेळ्यांचे लसीकरण टप्प्याटप्प्याने सुरू आहे' असं सांगून टाकलं. सगळं सभागृह हसलं, आमच्या बाजूचं जरा जास्तच. माझ्या पाठीवरून घाम ओघळला तो थेट मोज्यात गेला. मग त्या म्हणाल्या, चारशे बारापैकी मंत्रिमहोदयांनी स्वतः पाहिलेलं एक ठिकाण सांगावं. एकच.

पान नव्हतं, मामा. मी पोपटासारखा बोलून गेलो की भांडुपला आमच्याच टेकडीवर कठडा आहे, आणि माझी थोरली बहीण जानकी रोज तो धरून खाली उतरते. बाकं वाजली. बाकं वाजली की माणसाला वाटतं आपण खरंच बोललो. तेवढ्यात अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी आली. मला वाटलं शाबासकी असेल. आत दोनच शब्द होते, 'साहेब, बसा.' पण गमरेबाई उठल्या होत्या. शनिवारी सकाळी आपण मिळून बघून येऊ, म्हणाल्या. अध्यक्षांना ती कल्पना आवडली. सोमवारी मंत्र्यांनी सभागृहात निवेदन करावं, असा त्यांनी निर्देश दिला. मागून कोणीतरी हळूच 'हक्कभंग' म्हणालं. म्हणजे सभागृहाला खोटं सांगितल्याची चौकशी. मंत्रिपद तर जातंच, पण माणसाची आयुष्यभराची ओळखही तीच होऊन बसते.

गुरुवारी मी टेकडी चढलो. एकशे तीस पायऱ्या, वर जानकीआक्काची खोली. कठडा कुठेच नाही. माझ्या डोळ्यांसमोर जो लोखंडी खांब होता तो शेजाऱ्यांच्या कपडे वाळत घालायच्या तारेचा निघाला. अहवालात मात्र अनुक्रमांक दोनशे सत्त्याऐंशी, काम पूर्ण. मी चंद्रप्रकाशांना खडसावलं. (म्हणजे विचारलं.) ते म्हणाले, फायलीत 'पूर्ण'चे तीन अर्थ होतात: मंजुरी पूर्ण, कागद पूर्ण आणि काम पूर्ण; इथे पहिले दोन झालेत. मग त्यांनी सुचवलं की कठडा चोरीला गेल्याची तक्रार देऊ. पण चोरीला जायला तो आधी असावा लागतो, हे त्यांचं त्यांनाच आठवलं. तेव्हा मी म्हणालो, "काहीतरी करा." एवढंच. मामा, सरकारात या दोन शब्दांइतके भयंकर शब्द नसतील. हुकूम आपण दिलेला असतो आणि काय दिला ते आपल्यालाच ठाऊक नसतं.

शुक्रवारी दुपारी मी पुन्हा गेलो तर पायऱ्यांच्या कडेने चंदेरी कठडा चमकत होता. लांबून झकास. जवळ गेल्यावर कळलं, बांबू आहेत, वरून रंग फासलाय, रंग अजून ओला. एका माणसाने तीन तासांत उभा केला होता. मी दहा-बारा पायऱ्या खाली उभा राहून चंद्रप्रकाशांना फोन लावत होतो, तेवढ्यात आक्का गिरणीत जायला डबा घेऊन बाहेर पडली. मी हाक मारायला तोंड उघडलं. तिने मला बघितलं, हसली, आणि कठड्यावर हात टाकला.

बांबू तिच्या हाताबरोबरच निघाला. डबा माझ्या कानावरून गेला, पाठोपाठ गहू आणि मग आक्का. मी कसा चढलो आणि कसा तिला धरलं ते मला आठवत नाही. मी नसतो तर ती खालच्या वळणावरच थांबली असती, आणि तिथे दगडी गटार आहे. सभागृहात मी जो घाबरलो ती भीती नव्हेच, हे मला त्या पायरीवर बसून कळलं. माझ्या हातांना चंदेरी रंग होता, तिच्याही. तिचं डावं मनगट मोडलं. खालच्या दवाखान्यात प्लास्टर घालत होते तेव्हा मी विचारलं, आक्का, इतकी वर्षं काहीच न धरता उतरतेस, आजच का गं धरलंस? तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "तू लावलंस म्हणान धरलंय."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

बांबू त्याच संध्याकाळी उतरवले. शनिवारी गमरेबाई आल्या, बरोबर चार आमदार, दोन कॅमेरे. बाई सगळ्या पायऱ्या न थांबता चढल्या आणि वर येऊन शांतपणे म्हणाल्या, "मंत्रिमहोदय, कठडा?" मी चंद्रप्रकाशांकडे बघितलं. ते खाली बघून आपले बूट तपासत होते. तेव्हा आक्का दारात आली, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला. म्हणाली, "हय कठडो नव्हतोच. पण माझो भाव लबाड नाय, भित्रो आसा. भियान बोललो." कॅमेऱ्यासमोर! मी मान हलवली. इथे कठडा नाही, मी चुकीचं सांगितलं, एवढं माझ्या तोंडून कसंबसं निघालं. गमरेबाईंनी आक्काला विचारलं, हाताला काय झालं? आक्काने एकदा माझ्याकडे बघितलं. "पाय घसरलो," म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तिने बांबूचं नाव घेतलं नाही, मामा. वाचवलं मला. आणि काल दुपारपासून मी अठरा वेळा फोन केला, ती उचलत नाही. तिने मला जगासमोर शिव्या घातल्या असत्या तर मी रात्री निदान जेवलो असतो.

बाकी सर्व क्षेम. मामींना सांगा, कुळथाचं पीठ मिळालं. उद्या बारा वाजता निवेदन आहे.

आपला आज्ञाधारक,
गुणाजी

ता.क. : सोबत उद्याचे प्रेक्षक गॅलरीचे दोन पास आहेत. एक तुमचा, दुसरा आक्काचा. ती जगात फक्त तुमचं ऐकते. सकाळी लवकर निघा, वाटेत भांडुपला टेकडी चढावी लागेल. (उजवीकडच्या भिंतीला धरून चढा.) गाडी मी पाठवतो. तिला काही समजावू नका, फक्त घेऊन या.

ता.क. २ : खरं सांगायचं तर मी दोन निवेदनं लिहिली आहेत. एकात 'माहितीच्या अभावामुळे चूक झाली' असं आहे. ते चंद्रप्रकाशांनी तपासलंय, सुरेख आहे. दुसऱ्यात बांबू आहे, आक्काचं मनगट आहे, आणि कालपासून आम्ही तपासलेली दहा ठिकाणं आहेत. त्यातल्या सात ठिकाणी कठडा नाही. ते कोणी तपासलेलं नाही. दोन्ही एकाच खिशात ठेवणार आहे. आक्का समोर बसलेली असेल तर कुठलं वाचीन ते मला ठाऊक आहे. नसेल तर मी माझी खात्री देऊ शकत नाही.

ता.क. ३ : हे पत्र घेऊन आलेला आमचा ड्रायव्हर दशरथ उत्तरासाठी थांबेल. आक्का येणार असेल तर त्याच्याजवळ तसं सांगा. येणार नसेल तर त्याच्याजवळ काही बोलू नका, पोस्टाने कळवा. म्हणजे ते मला मंगळवारी मिळेल.