आखाजीच्या आधी चेंबर

९ एप्रिल १९९०
सकाळी गाडी मागे घेतली तर खाली पुन्हा तेलाचा डाग, ताटाएवढा. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर गळतंय, दिवाळीपासून. कापसाच्या जिनिंगला सायकलनं गेलो. हंगाम संपत आला, माणसंही संपल्यासारखी दिसतात. मी त्यातलाच.

दुपारी शिंदखेड्याहून निरोप. नलूच्या सासूचा, अर्थात. लेकीला न्यायला मुराळी येऊ दे, पण ती गाडी आमच्या अंगणात नको. दिवाळीला त्यांच्या नव्या फरशीवर आपल्या गाडीचं तेल सांडलं, ते अजून उगाळणं चालू आहे. एस.टी.च्या गर्दीत सुनेला पाठवणार नाहीत. भाड्याच्या गाडीत परक्या ड्रायव्हरबरोबर तर नाहीच. म्हणजे आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेक घरी हवी तर आपली गाडी कोरडी हवी. मागच्या आखाजीलाही धाडली नव्हती.

सौ. ऐकत राहिली. डाळ करपली.

१० एप्रिल
आमच्या गल्लीची रीतच आहे. कुणाच्या गाडीखाली तेल दिसलं की पुरुषमाणूस पाना घेऊन खाली शिरतो नि बोल्ट आवळतो. विचारत वगैरे नाही. शेजारचे आबा, मेहुणा वसंता, कोपऱ्यावरचे पाटील, सगळ्यांचे हात आमच्या चेंबरला लागलेत. रविवारी माझेही. आज आबा शिरले होते. बाहेर येऊन म्हणाले, "अर्धा आटा अजून बसला, नाना. आता थेंब पडायचा नाही." संध्याकाळी डाग कालच्यापेक्षा मोठा. आबांना सांगितलं नाही. उगाच पुन्हा शिरले असते.

१३ एप्रिल
भिका मिस्त्री एकदाचा आला. तीन वेळा उद्या येतो म्हणून झालं होतं. धुळ्याकडचा माणूस, जिभेला हाड नाही, हात मात्र सावकाश. तेल काढलं, चेंबर उतरवलं. चेंबर नि इंजिनामधलं जुनं पॅकिंग खरवडता खरवडता दुपार. रॉकेलनं धुऊन चेंबर स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथं ठेवलं, कारण सपाट जागा घरात तेवढीच. सौ. आधी चिडली. मग बोटानं एक कोपरा दाबून म्हणाली, "हे तर डुगडुगतंय. एक पाय तुटलेल्या पोळपाटासारखं."

भिका खाली बसून बघू लागला. "वहिनी बराबर सांगी राहिनी. कड वाकेल शे, नाना. बठ्ठासनी आवळी आवळी वाकाडी टाकी."

बोल्ट जास्त आवळला की भोकाजवळचा पत्रा वर उचलतो, दोन बोल्टांमधला खालीच राहतो. त्या फटीतून तेल. म्हणजे सहा महिने आम्ही सगळे मिळून गळती आवळत होतो. हसू आलं नाही. दमायला झालं.

१५ एप्रिल
रुळाच्या तुकड्यावर ठेवून भिकानं कड हलक्या हातानं ठोकून सरळ केली. आता फरशीवर गप्प बसते. नवं बुचाचं पॅकिंग आणलं तर ते वाळून आखडलेलं, भोकं जुळेनात. भिका म्हणे पाण्यात घाला. घातलं. नंतर सावलीत पसरायचं, तर गच्चीवर सौ.चे ज्वारीचे बिबडे वाळत. खाटेच्या एका कोपऱ्यात जागा मिळाली. पाटलांची बायको गच्चीवरून विचारते, "हा कशाचा पापड केला हो?" सौ. हसली. बऱ्याच दिवसांनी.

१६ एप्रिल
पॅकिंग बसलं. मी म्हटलं, दोन्ही बाजूंनी चिकटवायची लाख चांगली थापून लाव. भिका नाही म्हणाला. फक्त चेंबरच्या बाजूला, पातळ. वरची बाजू कोरडी. बोल्ट आधी सगळे हातानं, मग मधले, मग समोरासमोरचे, थोडे थोडे. मला एवढंसं आवळून समाधान होईना. भिका जाताना म्हणाला, "आते मी सांगस नही तोवर पानाले हात लावू नका. आबासले बी सांगी ठेवा."

आबांना कोण सांगणार. पाना सौ.कडे दिला. तिनं कुठे ठेवला ते विचारलं नाही, विचारलं असतं तर गेलो असतो.

१९ एप्रिल
असोद्यापर्यंत जाऊन आलो. रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र. सकाळी कोरडं. पुन्हा पसरलं. वसंता आला होता, "एकदा आवळून टाकू, लांबचा रस्ता आहे." नको म्हटलं. रागावून चहा न घेता गेला. जाऊ दे.

२४ एप्रिल
शिंदखेडा. धुळ्यात थांबून एकदा खाली वाकून बघितलं, कोरडं. अंगणात गाडी शिरायच्या आत विहीणबाईंनी इंजिनाच्या जागी गोणपाट अंथरून ठेवलं होतं. सगळ्यांसमोर. चहा, पोहे, व्याह्यांशी कापसाच्या गप्पा. माझं लक्ष बाहेर. निघताना बाईंनी गोणपाट उचलून दोन्हीकडून बघितलं. काही नाही. मग म्हणाल्या, "पाच तारखेला आणून सोडा, नानासाहेब. याच गाडीनं." जावई मान खाली घालून उभे.

नलू वाळलीय. पारोळा मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग झोपली, तोंड उघडं टाकून, लहान होती तेव्हासारखी.

२७ एप्रिल. आखाजी.
मांडे, आमरस. आबांच्या निंबाला झोका. गल्लीतल्या सगळ्या लेकी गाणी म्हणत होत्या. नलू झोक्यावर बसली नाही. सगळ्यांची पानं होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. सौ.नं हात धरून बसवलं तर म्हणते, "राहू दे, उरेल त्यात होईल माझं." आमरस उरेल त्यात? माझ्या घरात? मला रडू आलं. उठून मागे गेलो, गाडी पुसत बसलो.

१ मे
कामगार दिन, जिनिंग बंद. नलू पहाटे चारला उठून अंगण झाडते. कडी वाजली की दचकून उभी राहते. सौ.नं बिबडे तळता तळता तिच्याकडून थोडं थोडं काढलं. सासरी जेवण सगळ्यांच्या शेवटी. पत्र टाकायचं तर आधी सासूला वाचून दाखवायचं. जावई चांगले आहेत म्हणे. फक्त बोलत नाहीत. असलं चांगलं काय कामाचं.

४ मे
उद्या सोडायला जायचं. तेल तपासत होतो, नलू मागे येऊन उभी राहिली.
"गळते का हो अजून, नाना?"
"नाही."
"थेंबसुद्धा?"
"थेंबसुद्धा नाही."
"बरं झालं," म्हणाली नि आत गेली. वळताना तिचा चेहरा पाहिला, पडलेला.

एस.टी.डी. बूथवरून व्याह्यांना फोन. म्हटलं, चेंबर पुन्हा गळतंय, पॅकिंग जळगावात मिळत नाही, मागवलंय. किती दिवस? सांगता येत नाही. पलीकडे बाईंचा आवाज ऐकू आला, "मी म्हटलंच होतं." इतकं सहज खोटं बोललो की बूथवाल्यानंही विचारलं, कोणती गाडी आहे, नाना, ओळखीचा दुकानदार आहे माझा.

सौ.ला सांगितलं. तिनं नलूची पेटी पुन्हा माळ्यावर ठेवली.

७ मे
दुपारी जावयांचा फोन, पाटलांकडे. त्यांनी तिकडं पॅकिंग मिळवलंय. रविवारी स्वतः मिस्त्री घेऊन येतात, गाडी दुरुस्त करून देतात नि नलूला घेऊन जातात. "तुमची दगदग वाचेल," म्हणाले. माणूस खरंच वाईट नाही.

मिस्त्री खाली शिरेल, त्याला कोरडं चेंबर दिसेल. मग जावयाला खरं सांगावं लागेल, आणि परत जायचंय की नाही हे नलूला विचारल्याशिवाय ते माझ्या तोंडून निघणार नाही. एकदा बोललं की लेकीचं घर... सौ. म्हणते तुम्ही विचारा. मी म्हटलं तू विचार.

शेवटी मीच उठलो. नलू पुढच्या खोलीत झोपलेली, पंख्याखाली, दिवेलागणीची वेळ असूनही. दारात उभा राहिलो. उठवलं नाही.