तळ्यावरची बोट

३ ऑक्टोबर

चि. टिटवी हिस,
अ. उ. आ. आणि वर एक शाबासकी.

तुझ्या टेकडीच्या पत्रावरून लिहिलेला लेख परवाच्या रविवारी छापून आला. संपादकांनी कात्रण पाठवलंय. म्हणतात, ‘रविवारची वाट’ वाचल्याशिवाय शहरातली निम्मी माणसं डबे भरायला घेत नाहीत. बिचाऱ्यांना अजून वाटतं, मी दर महिन्याला मुलाकडून गाडीत बसून तिकडे येते, आईला भेटते आणि काठी टेकत टेकड्या चढते. खुब्याचं हाड मोडल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, मी या चौथ्या मजल्यावरून खाली उतरले ती फक्त दवाखान्यापुरती, हे त्यांना कळलं तर लेखही जाईल आणि माझी उरलीसुरली ऐटही. तेव्हा तोंडाला कुलूप.

आता थंडी लागेल, तर तळं करू या. सगळे तिकडेच जातील. बस कुठून सुटते, बसायला सावली कुठे, पक्षी आले का, हे नीट बघून ये. आणि ‘छान वाटलं’ असं लिहू नकोस. आपल्या शाळेतल्या सिस्टर ‘छान’ला लाल रेघ मारायच्या, आठवतं ना? काय दिसलं ते लिही. लहानपणी बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून जे दिसेल ते ओरडून सांगायचीस, म्हणून तर टिटवी झालीस.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. या कानांना आता समोरच्याचं बोलणं म्हणजे पाण्याखालचं बोलणं. पत्रच बरं. आई बरी असेलच.

तुझ्या अक्षरांची वाट पाहणारी,
ताई


१४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. माझा, आणि आईचा आशीर्वाद तिच्या खुर्चीतूनच.

तळं करून आले. सहाची पहिली बस घ्यावी आणि उजवीकडच्या खिडकीशी बसावं, म्हणजे शेवटच्या वळणावर पाणी आपल्याला आधी दिसतं. उतरल्यावर विटांचं पंपघर, मग निलगिरीची लांब रांग. तिच्या साली पायाखाली पापडासारख्या मोडतात. करडे पक्षी आले आहेत. लांबून वाटतं, कुणी पाण्यावर टोप्या विसरून गेलंय.

पण खरी गंमत बोटीची. हिरवी आहे, रंगाचे पोपडे निघालेली. बोटवाला वल्हं काठावर दोनदा आपटतो, तीच त्याची घंटा. पलीकडच्या बेटावर नेऊन सोडतो आणि परतताना माणसं मोजतो. दर वेळी एक कमी भरतं, कारण स्वतःला मोजायचा विसरतो. मधल्या फळीचा खिळा वर आलाय, कपडे सांभाळून बसावं असं वाचकांना जरूर सांग. बेटावर चिंचेखाली बसून उकडलेली अंडी खाल्ली. मिठाची पुडी घरीच राहिली होती.

आईजवळ खालच्या शिवणवाल्या बाई बसल्या होत्या. आईचं आहे तसंच आहे. मला बाई म्हणते, कधी सिस्टर म्हणते, एखाद्या दिवशी चक्क माझ्या नावाने हाक मारते. तो दिवस सणाचा.

तू येशील तेव्हा मी मीठ विसरणार नाही.
टिटवी


२ नोव्हेंबर

चि. टिटवी हिस,
आशीर्वाद, घाईत पण मनापासून.

अगं, काय लिहिलंयस! टोप्यांची उपमा मी तशीच ठेवली. बोटवालाही जसाच्या तसा ठेवला. स्वल्पविराम तेवढे मी घातले, ते तू लहानपणापासून देवाच्या भरवशावर सोडतेस. आज लेख आला असेल. सून माझा खर्डा वाचून म्हणाली की आपणही जाऊ या का, आणि मुलगा म्हणाला की गाडीची सर्व्हिसिंग झाल्यावर बघू. म्हणजे झालंच.

पुढच्या खेपेला संत्र्यांची बाग कर. जमलं तर दुपारी जा, माळी तेव्हा झाडाखाली झोपलेला असतो आणि आत सोडतो.

आईला माझं नाव सांगत राहा.
ताई


१६ नोव्हेंबर

टिटवी,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी आहेत असं समज.

सोबत संपादकांचं पत्र पाठवते आहे. एक निवृत्त पोस्टमास्तर लेख वाचून बायकोला घेऊन तळ्यावर गेले. बाईंचे गुडघे गेलेले, पण बोट आहे म्हटल्यावर बेटावर बसायची हौस धरून आल्या. तिथे बोट नाही. बोटवाला नाही. निलगिरी कधीच तोडली आहे, काठाला तारेचं कुंपण आहे. बोट पलीकडच्या बाजूला असेल म्हणून दोघं उन्हात कडेकडेने चालत गेली आणि त्या बाई दगडावरून घसरून पडल्या. मनगट मोडलं. पोस्टमास्तरांनी फार सभ्य पत्र लिहिलं आहे. रागाने लिहिलं असतं तर बरं झालं असतं. विचारलंय की लेखिका तळ्यावर नेमक्या कोणत्या साली गेल्या होत्या.

संपादकांनी लेख थांबवले. एकवीस वर्षं, टिटवी. नवरा गेला तेव्हाही मी एक लेख चुकवला नव्हता. या घरात मला कुणी काही विचारत नाही. जेवलीस का, औषध घेतलंस का, बास. तो कागदाचा चौकोन तेवढा माझा होता.

आता एकच कर. संपादकांना तू लिही. त्या वेळी मी आजारी होते, माहिती धाकट्या बहिणीने आणली, चूक तिची, असं स्पष्ट लिही. तुझं तिथे नाव नाही, तुझं काही जात नाही. एवढं माझ्यासाठी कर.

ताई


२२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. नेहमीचाच, त्यात कमी केलेलं नाही.

संपादकांना पत्र टाकलं. तू सांगितलंस तसंच लिहिलं, स्वल्पविरामांसकट. पोस्टमास्तरांचा पत्ता विचारून त्यांच्याकडेही गेले असते, पण जायचं कसं, तेच आज तुला सांगायचं आहे.

मी तळ्यावर गेले नव्हते. टेकडीवरही नाही. धरण, धबधबा, रोपवाटिका, जुना पूल, यातलं काहीच मी पाहिलेलं नाही. तू मुलाकडे राहायला गेलीस त्या वर्षापासून मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या पुढे गेलेले नाही. वाचनालयातली नोकरीही त्यापायीच सोडली. तुला लिहिलं होतं की कंटाळा आला म्हणून सोडली.

मी दिसेनाशी झाले की आई घाबरते. न्हाणीघरात गेले तरी दार वाजवत राहते. म्हणून तिच्या झग्याच्या पट्ट्याचं एक टोक तिच्या हातात आणि दुसरं माझ्या मनगटाला. शिवणवाल्या बाई एकदाच बसल्या होत्या, पहिल्या वर्षी, अर्धा तास. आईने त्यांच्या हाताला चावा घेतला. त्यानंतर मी त्यांना विचारलं नाही.

तुझी पत्रं यायला लागली तेव्हा मी नाही म्हणणार होते. पण त्या रविवारी आई पहाटे उठून, केस विंचरून, पायात चपला घालून दाराशी उभी राहिली. म्हणाली, निघायचं ना. मी दोन खुर्च्या गॅलरीत लावल्या आणि आम्ही निघालो. ताई, तिला काल काय जेवली ते सांगता येत नाही, पण बस कुठे वळते, पाणी कोणत्या खिडकीतून आधी दिसतं, सगळं पाठ आहे. वल्ह्याचे दोन ठोके तिने गॅलरीच्या कठड्यावर वाजवून दाखवले. मीठ मी विसरले नव्हते, बाबा विसरले होते. तुझे सगळे लेख तिचे आहेत. मी नुसती टिपून घेत होते.

चूक माझी आहे. तुला सांगायला हवं होतं. तुझा विरस होईल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. त्या बाईंच्या मनगटाचा विचार आला की मला जेवण जात नाही.

तुझ्या रागाला पात्र,
टिटवी


१ डिसेंबर

चि. टिटवी हिस,
अनेक आशीर्वाद, आणि डोळे पूस.

राग कसला. आता तुझ्यापासून काय लपवू, मला ठाऊक होतं. अगदी पहिल्या उन्हाळ्यापासून. तू जुन्या पुलावर गेले म्हणून लिहिलंस आणि पुलाखालच्या धोब्याचं वर्णन केलंस. तो धोबी माझ्या लग्नाआधीच गेला होता. मी तेव्हाच समजले की ही घरी बसून रंगवते आहे. मग मी आपली जे कालबाह्य वाटेल ते गाळायची, बसच्या वेळा सूनबाईकडून बघून घ्यायची. तुझी पत्रं इतकी जिवंत असायची, तुला त्यात इतका आनंद दिसायचा, म्हटलं कशाला तोडावं.

बोटही मी गाळायला हवी होती. त्या खिळ्याने माझा निळा फ्रॉक फाटला होता आणि आईने बेटावर बसून तो शिवला होता, तो खिळा वाचला आणि हातातली पेन्सिल थांबली. पुन्हा एकदा तिच्यात बसावंसं वाटलं, खरं सांगते. तेवढी एकच चूक झाली.

असो. चांगली बातमी अशी की तुझ्या पत्राने काम केलं. संपादक विरघळले. जानेवारीपासून लेख पुन्हा सुरू करा म्हणाले, फक्त प्रत्यक्ष पाहून लिहा. तेव्हा आता धरण कर. या वेळी मात्र खरोखर जा हं. आईला कुणाजवळ तरी ठेव, एका सकाळचा तर प्रश्न. मनात आणलंस तर जमेल.

तुझ्यावर विसंबून,
ताई


१५ डिसेंबर

ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हायसं वाटलं, की तू रागावली नाहीस. दुसऱ्यांदा वाटलं, तुला माहीत होतं तर संपादकांना मी लिहिलेलं पत्र कोणाच्या चुकीचं होतं. तिसऱ्यांदा वाचताना आई समोर बसली होती आणि पट्टा माझ्या मनगटाला होता.

मी कुठेही जात नाही हे तुला चार वर्षं ठाऊक होतं. मग मी कुठे आहे, हेही ठाऊक असणार. दर रविवारी मी याच खुर्चीत आहे, हे कळूनही तू मला पुढची जागा नेमून देत राहिलीस. धबधबा कर, बाग कर, धरण कर. मी खोटं लिहीत होते ते तुला आनंदात ठेवायला. तू गप्प राहिलीस ते कशासाठी, याचं उत्तर नको, मला ते वाचायचं नाही. एक साधा प्रश्न तू कधीच लिहिला नाहीस. टिटवी, तू बाहेर का पडत नाहीस? एवढाच. त्याला तिकिटाचा खर्च नव्हता, जिनाही उतरावा लागत नव्हता.

धरण मी करणार नाही. पुढचं काहीच करणार नाही. संपादकांना काय सांगायचं ते तू बघ. माझ्याकडून पत्र जाणार नाही.

परवाच्या रविवारी मी शिवणवाल्या बाईंना विचारलं. चार वर्षांपूर्वीच्या चाव्याची मी पुन्हा माफी मागितली. त्या म्हणाल्या, अहो, मी दर रविवारी वाट बघत होते की तुम्ही हाक माराल. त्या आपलं मशीन वर घेऊन आल्या. आईला मशीनचा आवाज आवडला. पट्ट्याचं माझं टोक मी मशीनच्या पायाला बांधलं आणि सहाची बस धरली. सहाची नसते आता, साडेसातची असते.

तळ्यावर अडीच तास होते. तिथे काय दिसलं, हे मी पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि ते मी लिहिणार नाही. छापायला नाही, तुझ्यासाठीही नाही.

परत आले तेव्हा आई दाराकडे तोंड करून बसली होती. तिने विचारलं, बोट होती का. मी म्हणाले, होती, बोटवाल्याने माणसं मोजली, या वेळी बरोबर भरली. ती हसली आणि मला नावाने हाक मारली. टिटवी नाही, शाळेच्या वहीवर होतं ते माझं नाव.

लोभाचं आता तूच ठरव.
तुझी धाकटी बहीण