डगमगणाऱ्या खोलीला टेकण

चि. इंदूस,

१९७९ साली माझ्या वाल्मीकला रस्त्याच्या कामावर ही चाकांची खोली मिळाली आणि आपण तिघं पिंपळगावच्या हमरस्त्याकडेला राहायला आलो. पाऊल टाकलं की खोली डगमगते. तू नुसती उठलीस तरी मी पडल्यापडल्या विचारायचे, "कुठं चाललीस गं?"

हे डगमगणं थांबवणं मला पहिल्या दिवसापासून येत होतं. तुझे मामंजी बैलगाड्यांचे सुतार होते. उभ्या गाडीला टेकण द्यायला मी त्यांच्या हाताखालीच शिकले. पण दोन वर्षं बोलले नाही. खोली हलली की तुझं सगळं मला कळायचं. काल दुपारी तू हुंदका दाबलास, तरी माझी खाट हलली.

आज तू बाजाराला गेल्यावर चाकांना दगड लावले. चारी कोपऱ्यांखाली फळीवर ठोकळे ठेवून वर पाचरी ठोकल्या. वाल्मीक शनिवारी लांबच्या कामावरून आला की सांग, त्या पाचरींना हात लावायचा नाही.

मी विंचूरला बहिणीकडे जाते, महिनाभर राहीन. भाकरी टोपलीत आहे. रडायचं असेल तर पोटभर रड. आल्यावरसुद्धा मला कळणार नाही.

तुझी आत्याबाई