पंचाच्या घरात संघ नसतो

मंगळवार, ४ मे

लंबूचं बोट मोडलं!

उजव्या हाताचं मधलं. सरावात. गोलकीपरचं बोट — आणि प्लेऑफ तोंडावर! बातमी वाचली तेव्हा चष्म्याच्या दुकानात एका आजींच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत होते. ‘हे बरं की आधीचं?’ असं विचारायचं, तर ‘आता कसं व्हायचं?’ असं तोंडातून निघून गेलं. आजी घाबरल्या. ‘इतकं वाईट आहे का गं? ऑपरेशन करावं लागेल?’

आमच्या हिरव्यांची यंदा साडेसाती संपतच नाही. आधी कॅप्टनचा घोटा. मग सुसाटच्या मांडीचा स्नायू. आता लंबू. समोर तांबडे, सगळे धडधाकट, घोड्यासारखे. जो जिंकेल तो वरच्या श्रेणीत. हरेल तो पुन्हा वर्षभर खालीच कुजणार. आणि हे सगळं मी कुणाशी बोलू? कुणाशीच नाही. नवरा पंच!

लग्न ठरतानाच ह्यांनी सांगितलं होतं — ‘पंचाच्या घरात संघ नसतो.’ मी मान डोलावली. त्या वयात माणूस कशालाही मान डोलावतो. माझं माहेर हिरव्यांच्या मैदानामागे. आमच्या गच्चीतून मैदानाचा फक्त एक कोपरा दिसायचा, बाकीचा सामना आरडाओरड्यावरून समजून घ्यायचा. ही गोष्ट मी तेव्हा बोलले नाही. मग बोलायचं राहूनच गेलं. लेकीचं लग्न झालं तरी राहिलेलंच आहे.

गुरुवार, ६ मे

ह्यांचा नियम म्हणजे नियम. घरात हिरवं काही नाही, तांबडं काही नाही. पडदे राखाडी. बादल्या निळ्या. मागे एकदा मी तांबडी बादली आणली — छान होती, जाडजूड! — तर हे स्वतः जाऊन बदलून आले. ‘कुणी बघितलं तर?’ न्हाणीघरातली बादली कोण बघायला येतंय!

आणि सामना बघायची तऱ्हा! चेंडूकडे बघायचंच नाही. पंच कुठे उभा आहे ते बघायचं. एवढा सुंदर गोल होतो आणि हे म्हणतात, ‘बघ, चुकीच्या जागी उभा आहे.’ अशा माणसाशी कुणी काय बोलावं?

मी आपली भांडी घासताना एका कानात इअरफोन घालून समालोचन ऐकते. केस पुढे ओढून घेते. हिरव्यांचा गोल झाला की हातातलं काहीतरी पडतंच. यंदा गोल भरपूर झाले. घरात एकसारखे दोन कप उरले नाहीत. ह्यांना वाटतं माझ्या हातातली ताकद गेली. काल हाडांच्या डॉक्टरची वेळ घेत होते. कसंबसं थांबवलं.

सोमवार, १० मे

आजोबांना परत बोलावलं!! हिरव्यांचा जुना फॉरवर्ड. निवृत्त होऊन लहान मुलांना शिकवत होता. एक गुडघा कामातून गेलेला, टक्कल पडलेलं. प्रशिक्षकाकडे माणसंच उरली नाहीत, करणार काय!

दुकानाचे मालक कट्टर तांबडे. सकाळपासून हसतायत. ‘हिरव्यांनी आता राखीव बाकाऐवजी खाटाच टाकाव्यात!’ गिऱ्हाइकागणिक तोच विनोद. मीही साळसूदपणे हसले. आणि त्यांच्या चहात साखर घातली नाही.

दुकानात मी माहेरचंच आडनाव लावते. मालकांना एवढंच माहीत आहे की माझे यजमान पाणीपुरवठा खात्यात आहेत. आहेतच की. सोमवार ते शुक्रवार.

बुधवार, १२ मे

कपाटच्या पाठीत उसण भरली. आमचा बचाव करणारा तोच, नावाप्रमाणे रुंद. खोकताना भरली म्हणे. खोकताना!!

शुक्रवार, १४ मे

आज गोल नसताना कप फुटला.

प्लेऑफला नेमलेल्या पंचाची पोटरी सरावात धरली. (पंचालाही लागायचंच होतं! यंदा कुणी म्हणून धड नाही.) संध्याकाळी ह्यांना संघटनेचा फोन. बदली पंच — हे! हिरवे विरुद्ध तांबडे, आणि मध्ये शिट्टी घेऊन माझा नवरा!

मला वाटलं, हे खूश होतील. आयुष्यभर दुय्यम सामने केले, आता निवृत्तीच्या तोंडावर एवढा मोठा सामना. पण हे फोन ठेवून नुसतेच उभे. चेहरा उतरलेला. म्हटलं, ‘अहो, आनंद नाही झाला?’ ‘झाला की,’ म्हणाले. आणि पाना घेऊन स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला बसले. नळ गळत नव्हता. आता गळतोय.

शनिवार, १५ मे

मेले! मेले मी!

सकाळी चहा पिताना हे म्हणाले, ‘झोपेत ओरडत होतीस.’

‘काय?’

‘“आंधळ्या, दिसत नाही का,” असं.’

जिवात जीव आला. म्हटलं, ‘दुकानातलं असेल हो काहीतरी. दिवसभर तेच चालतं ना.’

‘हं,’ म्हणाले. ‘दुकानात ऑफसाइडही असतो?’

हे मात्र वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. मग बुटांच्या नाड्या बदलता बदलता, माझ्याकडे न बघता विचारतात, ‘उद्या बघणार आहेस सामना?’

‘बघू की नको?’

‘बघ,’ म्हणाले. ‘बघ तू.’

कळलं वाटतं. इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावलं आणि झोपेने घात केला!

रविवार, १६ मे

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!!!

अक्षर वेडंवाकडं येतंय. नीट लिहिते.

टीव्हीपुढे बसते न बसते तोच वरच्या मजल्यावरच्या काकू विणकाम घेऊन हजर. ‘नवऱ्याचा एवढा मोठा सामना, तू एकटी कशाला बघतेस!’ झालं. म्हणजे स्वतःच्या घरातही तोंड दाबून बसायचं. काकूंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. ‘आपले कोणते गं?’ म्हणाल्या. म्हटलं, ‘आपला एकटाच. तो काळ्या कपड्यांतला.’ मग काय! हे धावले की काकू ‘शाब्बास!’ ह्यांनी कार्ड दाखवलं की ‘अस्सं पाहिजे!’ अख्ख्या देशात पंचाच्या बाजूने सामना बघणाऱ्या काकू एकट्याच असतील.

तांबड्यांनी आधी गोल केला. लंबूच्या जागी जो पोरगेला गोलकीपर होता, तो चेंडू आला की डोळेच मिटतो. मी उशी चावली. मग कॉर्नर — आणि कपाटने उसण भरल्या पाठीने उडी मारून डोक्याने बरोबरी केली! आणि तेच डोकं घेऊन खांबावर आदळला. खोक पडली. परत आला तेव्हा एवढी मोठी पट्टी की डोक्याचा आकार कळेना. पुढे एक लंगडत बाहेर गेला, त्याच्यामागे दुसरा. प्रशिक्षकाने बाकाकडे बघितलं तर बाकावर आजोबा आणि पाण्याच्या बाटल्या. आजोबा उठले. गुडघा चोळला. उतरले.

शेवटची मिनिटं. उंच चेंडू आला, गोलासमोर ही गर्दी, आणि आजोबा आडवे! शिट्टी. ह्यांची शिट्टी मी कुठेही ओळखेन, शेवटाला जरा वर जाते. हात सरळ पेनल्टीच्या ठिपक्याकडे. हिरव्यांना पेनल्टी!

सगळे तांबडे ह्यांच्या अंगावर धावून गेले. हे जागचे हलले नाहीत. पण चेहरा इतका पांढराफटक मी कधी बघितला नव्हता. लेकीच्या जन्माच्या वेळी मला आत नेलं तेव्हासुद्धा नाही.

‘काय ओरडतायत मेले ह्यांच्यावर?’ काकू चिडल्या. मी उशी पुन्हा तोंडात धरली.

आजोबा धावलेच नाहीत. चालत गेले. टपाल पेटीत पत्र टाकावं तसा चेंडू कोपऱ्यात टाकून आले.

मी किंचाळले. काकूंच्या सुया पडल्या. ‘काय गं, काय झालं?’ मी म्हटलं, ‘ह्यांनी — ह्यांनी वेळेवर शिट्टी वाजवली!’ काकूंचे डोळे भरून आले. मला मिठी मारून म्हणाल्या, ‘किती गं जीव तुझा नवऱ्यावर!’

हे उशिरा आले. जेवण नको म्हणाले. मी गाल चावून चेहरा सरळ ठेवला होता. नाहीतर हसूच आवरेना.

सोमवार, १७ मे

सगळं जग ह्यांच्यावर उलटलंय. टीव्हीवर पुन्हा पुन्हा तेच दाखवतात — आजोबा पडले, कुणाचा पाय लागलेला दिसत नाही. ‘गुडघा दुखतो म्हणून पडला तो!’ ‘पंचाला हिरव्यांनी विकत घेतला!’

मालकांनी दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला — ‘पंचांची नेत्रतपासणी मोफत.’ दिवसभर तांबडे येऊन त्याच्याशेजारी फोटो काढत होते. एकाने मलाच विचारलं, ‘ताई, त्या कालच्या पंचाला कुठला नंबर लागेल हो?’ मी म्हटलं, ‘डोळे तपासल्याशिवाय सांगता येत नाही.’ हसले सगळे. मी मात्र आत जाऊन उगाचच भिंगं पुसत बसले.

घरी आले तर हे भिंतीकडे बघत बसलेले. जेवण तसंच.

मंगळवार, १८ मे

दुकानातल्या मोठ्या पडद्यावर ते दृश्य थांबवून थांबवून बघितलं. पुढून, बाजूने. दिवसभर लोकांचे डोळे तपासते मी, मला दिसायला नको? नाही दिसला फाउल. कुणीच काही केलेलं नाही.

मग ह्यांनी शिट्टी का वाजवली?

लिहायलाही भीती वाटते. माझ्यासाठी वाजवली का? शनिवारी ‘बघ तू’ म्हणाले ते ह्याचसाठी? ज्या माणसाने एका बादलीसाठी दुकानदाराशी वाद घातला, त्याने माझ्यापायी आयुष्यभराचं नाव मातीत घातलं? असं असेल तर नको मला ती वरची श्रेणी. खरंच नको. हिरवे खाली राहिले असते तर मी रडले असते आणि कामाला लागले असते. पण हे असे बसलेले नाही बघवत.

रात्री जेवताना विचारलंच. ‘अहो, फाउल होता ना?’ ह्यांनी मीठदाणी उचलली. ‘हे आजोबा.’ चमचा ठेवला. ‘हा तांबडा.’ दुसरा चमचा माझ्या ताटाशी. ‘हा मी. मागून जर्सी ओढली त्याने. मी बघितली. कॅमेरा ह्या बाजूला होता, त्याला दिसणार नाही.’ आणि मीठदाणी हातात धरून तसेच बसले. म्हणाले, ‘बघितली नसती तर बरं झालं असतं.’

म्हणजे काय? खरं बोलणारा माणूस असं बोलतो का?

बुधवार, १९ मे

फोटो आला! पहिल्याच पानावर! गोलामागे बसलेल्या कुणा छायाचित्रकाराने काढलेला. तांबड्याची मूठ, मुठीत आजोबांची जर्सी, वाळत घातलेल्या चादरीसारखी ताणलेली. हे मागे बरोब्बर जागेवर उभे. आंधळ्यालाही दिसेल!

मालकांनी काचेवरचा कागद गुपचूप काढला. आज त्यांच्या चहात साखर घातली. दोन चमचे जास्त.

देवा, सुटले! ह्यांनी काही वाकडं केलं नाही. माझ्यासाठी नाही, कुणासाठी नाही. (खरं सांगायचं तर — एक इवलंसं वाईटही वाटलं. माझ्यासाठी नव्हतं तर!)

वर्तमानपत्र घेऊन धावत घरी आले, ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांनी फोटो बघितला. ‘हं,’ म्हणाले. घडी घालून ठेवून दिलं. जेवले दोन घास. काकू वरून अभिनंदन करायला आल्या, तर हसले ते दात दुखत असल्यासारखे.

आता काय झालं? बरोबर ठरले ना! संघटनेच्या साहेबांचाही फोन आला, शाबासकी दिली. मग सुतकी चेहरा कशाला?

गुरुवार, २० मे

दुपारी नणंदेचा फोन. ‘वहिनी, दादा जेवतोय का गं?’ म्हटलं, ‘तुला कसं कळलं?’ तर म्हणते, ‘लहानपणापासून तसाच आहे. तांबडे हरले की जेवणच सोडायचा. बाबा खांद्यावर बसवून न्यायचे ना त्याला त्यांच्या सामन्यांना. आणि आता स्वतःच्याच हाताने... तुला काही बोलला नाही?’

नाही. मला काहीच बोलले नाहीत. इतकी वर्षं.

संध्याकाळी हे खिडकीशी बसून शिट्टीची दोरी उगाचच बोटाला गुंडाळत होते. मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, ‘वाईट झालं हो तांबड्यांचं.’

ह्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. मग ओठ थरथरायला लागले. मी हात धरला. आणि मी — जन्माची हिरवी! — तांबड्यांसाठी ढसाढसा रडले.