ढोलीतली स्पार्कलिंग वाईन

५ नोव्हेंबर १९४९
आज नशीब उघडले. शेठच्या नव्या तांदूळ मिलमध्ये मशीन बसवायला इटलीचा इंजिनियर येतोय. भैयाजी शेठ म्हणाले, साहेबाची पार्टी जो नीट सांभाळेल तोच नव्या मिलचा मॅनेजर. बकाराम मुनीम कानाने जड, त्याला काही ऐकूच गेले नाही. मी उभा राहून सांगितले की लढाईत बिरसीच्या विमानतळावर स्टोअर क्लार्क होतो, फसफसणाऱ्या स्पार्कलिंग वाईनचे सगळे प्रकार मला पाठ आहेत. घरी तिथल्या कॅप्टनने जाताना दिलेल्या तीन बाटल्याही आहेत: एक फ्रेंच, एक इटालियन, एक लाल.
चाखली नाही कधी. पण बुचांचा वास पुष्कळ घेतलाय. उद्या तिन्ही चाखून तुलना लिहून काढणार.

७ नोव्हेंबर
काल डोके दुखत होते. आज सोमवार, नागऱ्याच्या महादेवाचा वार, आज कसे चाखणार? भीतीचा प्रश्नच नाही. विमानतळाच्या मेसमध्ये एका बाटलीच्या बुचाने कंदील फोडला होता आणि बिसराम स्वयंपाक्याची अर्धी भुवई नेली होती, ते मी पाहिले आहे. म्हणून मी सावध आहे. सावध असणे वेगळे.

९ नोव्हेंबर
आधी सराव. स्टेशनवरून गोटी सोडा आणला. घोट तोंडात धरून डोळे मिटले आणि बुडबुडे जिभेच्या शेंड्याला टोचतात की घशाला, ते पाहू लागलो. चंद्रकांता दारात उभी. म्हणे, काऊन जी, दात दुखून राहिले काय? बायकोला यातले काय कळणार! मात्र सोड्याची गोटी आत ढकलताना मी हात लांब धरला होता, हे तिने पाहिले.

१२ नोव्हेंबर, दुपार
चंद्रकांता शेतावर. बाटल्या ढोलीत, म्हणजे धानाच्या कणगीत, पुरल्या आहेत. घरातली प्रत्येक जपायची वस्तू आम्ही तिथेच पुरतो, सीताफळेसुद्धा. बांबूच्या ढोलीला शेणाचा लेप असतो, चोराला सुगावा लागत नाही. लेबले उधईने खाल्ली आहेत, पण मी मानेवरून ओळखतो.
पहिली बाटली गोठ्यात नेली. डोक्यावर बादली घेतली, अंगाभोवती रजई. बुचावरची तार सोडली. बूच हलेना. मी जरा बाहेर आलो, हवा खायला. मागे धडाम झाले. बैलाने दावे तोडले. मी आंब्यावर कसा चढलो ते आठवत नाही.
बाटलीत चमचाभर उरली होती. शिळ्या आंबिलीसारखी आंबट, आणि बुडबुडे सरळ नाकात. इतकी कडक म्हणजे इटालियनच. नोंद पक्की.

१५ नोव्हेंबर
घात झाला. मी मिलमध्ये असताना चंद्रकांताने खळ्यावरचे नवे धान ढोलीत ओतले. धान अजून ओलसर. ओले धान ढिगात तापते, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक. मी हात घालून पाहिला आणि झटकन काढला. आत चुलीजवळ बसल्यासारखी ऊब. आणि त्याच्या पोटात माझ्या दोन बाटल्या.
धान उपसायला हवे. उद्या.
रात्री झोप नाही. ढोली करकरते.

१६ नोव्हेंबर
चंद्रकांता ढोलीजवळ जाऊ नये म्हणून सांगितले की आत नाग आहे. युक्ती नामी होती. पण तिने ढोलीपुढे दूध ठेवले, हळदकुंकू वाहिले आणि बिसरामला बोलावले. तोच बिसराम, मेसमधला. आता गावात नाग धरतो. तो म्हणाला, मालक, तुमी कायले थरथरून राहिले? मी म्हटले, थंडी आहे. त्याने कोपरापर्यंत हात आत घातला.
आत बाटली फुटली. लाल होती.
बिसराम तांबडे धान बघून ओरडला की नागोबा रक्त ओकला. सगळे हात जोडून उभे. मी तेव्हा विहिरीपलीकडे होतो, तिथूनच जोडले.
धान उपसले. एक शिल्लक. हिशेबाने ती फ्रेंच. चंद्रकांताने बाटली पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि ढोलीपुढचे दूध उचलून परत चुलीवर ठेवले. हेच जास्त भीतीदायक.

२० नोव्हेंबर
पार्टी. बाटली गोधडीत गुंडाळून, पोटापासून लांब धरून नेली. साहेब हसतमुख माणूस. शेठ म्हणाले, खोलो भाई. मी म्हटले, आधी फरक समजावतो. कोरडी, गोड, लाल, फ्रेंच बुडबुडा बारीक, इटालियन जाड, सगळे सांगितले. मग बिरसीचा इतिहास सांगितला. मग हवामान. शेठ पुन्हा म्हणाले, खोलो. माझे हात बाटलीला लागेनात.
बकारामने कंटाळून बाटली उचलली, मांडीत दाबली आणि बूच काढले. केवढा आवाज! त्याची पापणी हलली नाही. मला शेठने तांदळाच्या पोत्यांमागून बाहेर काढले.
साहेबाने पेला माझ्या हातात दिला आणि विचारले, कोणती? घोट घेतला. गोड, सुगंधी, घशात हळूच उतरणारी. मी छाती पुढे करून म्हणालो, फ्रेंच. साहेबाने खाली पडलेले बूच उचलले. त्यावर त्याच्याच गावाचे नाव होते.

२२ नोव्हेंबर
बकाराम मॅनेजर झाला. शेठ म्हणाले, मिलमध्ये बायलर आहे, भोंगा आहे, पट्टे सुटतात. तिथे न दचकणारा माणूस पाहिजे. अन्याय आहे. बहिऱ्याच्या धैर्याला काय अर्थ?
ते तांबडे धान कोणी घेईना म्हणून घरीच कांडले. भाताला आंबूस वास येतो. चंद्रकांता वाढताना म्हणाली, खा जी, नागोबाचा प्रसाद हाय, तुमीच बोलावला होता.
गुपचूप खाल्ला. मी भित्रा नाही, हे आज बकारामला स्पष्ट सांगितले. त्याला ऐकू गेले नाही. मग भोंगा वाजला, आणि तेव्हापासून मी घरी आहे.